उंट आत आला कसा

१

उंट डावीकडून आला, पडदाभर चालला आणि उजवीकडून निघून गेला. जाताना त्यानं काळ्यांच्या थोरलीची लग्नपत्रिका खाल्ली.

म्हणजे फाइल होती तिथंच होती, नावही शाबूत होतं, पण उघडली की आत कोरं पान. ना गणपती, ना मुहूर्त, ना चिल्ल्यापिल्ल्यांचा आग्रह. ताईनं दुसरी पत्रिका उघडली. उंट पुन्हा आला. त्याला घाई नव्हती. ती खाऊन त्यानं एक जावळाचं आमंत्रण खाल्लं, मग ग्रामपंचायतीची पाणीपट्टीची नोटीस खाल्ली. नोटिशीचं गावात कुणालाच वाईट वाटलं नाही, पण बाकीचं प्रकरण गंभीर होतं. साल दोन हजार एक, आणि लग्नसराई ऐन भरात.

हे सगळं मी ताईच्या खुर्चीमागं उभा राहून पाहिलं. मी कारभारी, तिचा धाकटा भाऊ, गाव पिंपळगाव रेणुकाई. नाव कारभारी असलं तरी आजवर कुठलाच कारभार माझ्या हाती आलेला नाही, म्हणून मी बहिणीकडं वडीगोद्रीला येऊन राहिलो होतो. ताई, म्हणजे सत्यशीला, घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून देते. घर सासरचं, भांडी सासरची, चूल सासरची. हे काम तेवढं तिचं एकटीचं.

"ताई, आपल्याकडं उंट कधी आल्ता?" मी विचारलं.

"गप बस."

तिचं तोंड उतरलं होतं. आणि ती पडद्याकडं नाही, परसदाराकडं बघत होती. मला वाटलं, उंट तिकडून बाहेर पडला असेल.

ताईच्या सासऱ्यांना, काकासाहेबांना, घरात सगळे दादा म्हणतात. आरोग्य खात्यात असताना त्यांनी गावोगाव फिरून देवीची लस टोचली. अंबड तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या दंडांवर त्यांची सही आहे. पुढं देवीचा रोग गेला आणि दादांचा रुबाब त्याच्याबरोबर गेला. मग घरात कॉम्प्युटर आला. दुकानदार म्हणाला, ह्याला व्हायरस लागू शकतो, पण ह्याची लस मिळते. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

त्यांनी तिथल्या तिथं मशीनला लस टोचून घेतली, म्हणजे अँटीव्हायरस भरून घेतला, आणि घराला नियम लावले. चपला बाहेर. हात साबणानं. खोलीच्या दाराला डांबरगोळ्यांची पुरचुंडी. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे बाहेरची फ्लॉपी मशीनमध्ये जाणार नाही. घरच्या प्रत्येक फ्लॉपीला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. कुंकू दिसलं तर आत, नाही तर वापस.

उंटाची बातमी ऐकून दादा खचले नाहीत. उलट ताठ झाले. "साथ आली," एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत घरातल्या सगळ्या फ्लॉप्या लिंबाचा पाला टाकून उकळून झाल्या होत्या. त्या आधी मऊ पडल्या, मग वाकड्या झाल्या, शेवटी खाटेवर कुरडयांशेजारी वाळत पडल्या. उंट मात्र मशीनमध्ये होता तसाच होता.

संध्याकाळी ओसरीवर त्यांनी निकाल दिला. "ह्या मशीनला फोनची तार न्हाई. मंग उंट उडत आला का? कोणीतरी बाहेरची फ्लॉपी घातली. कोणी घातली ते कळल्याबिगर हे मशीन घरात राहणार न्हाई. सोमवारी टेम्पो सांगितलाय. जिथून आणलं तिथं जालन्याला जाईल."

ताई हातातली परात घेऊन आत गेली.

"आणि पाहुणे," दादा माझ्याकडं वळले, "मागं तुमी क्रिकेटची गेम आणल्ती. तिला कुंकू न्हवतं."

२

हायवेला लालमियाँचं पंक्चरचं दुकान आहे. पुढच्या अर्ध्यात लालमियाँ ट्यूब दुरुस्त करतात, मागच्या अर्ध्यात त्यांचा मुलगा महेमूद कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गिऱ्हाइकं कधी कधी चुकतात. एकदा एकानं ट्रॅक्टरचं चाक महेमूदच्या टेबलावर ठेवलं होतं. महेमूदनं आधी ते चालू करून पाहिलं, असं लालमियाँ सांगतात. महेमूद हे नाकारत नाही.

"गुन्हेगार पकडायचाय," मी म्हणालो.

"मी मशीन दुरुस्त करतो रे बाबा. पोलीस न्हाई."

"सोमवारी मशीनच राहणार न्हाई. मंग काय दुरुस्त करतो, टेम्पो?"

महेमूदनं हात पुसले. "अब्बा काय म्हणतात, म्हाईत? हवा कुठून गेली ते ट्यूब सांगत न्हाई. पाण्यात दाबावी लागती. बुडबुडा आला की तिथं भोक. चल, माणसं दाबून बघू."

घरी दादांनी त्याचे हात दोन्ही बाजूंनी तपासले. त्याच्या फ्लॉपीला कुंकू नव्हतं, म्हणून ती उन्हात धरून पाहिली. मग नाइलाजानं आत सोडली. महेमूद बराच वेळ मशीनशी बोलत बसला.

"दादा, ह्याला अँटीव्हायरसचा पुढचा डोस कधी दिल्ता?"

"पुढचा कसला? एकदा टोचलं की जन्माचं. माझ्या हातानं टोचलेला एक माणूस दाखव, देवीनं गेलेला."

महेमूदनं नुसती भुवई वर केली आणि परत खाली ठेवली.

"उंट सापडला," थोड्या वेळानं तो म्हणाला. "बांधून ठेवलाय, आता खाणार न्हाई. तो एका चित्रात लपून आल्ता. हे चित्र कोणीतरी फ्लॉपीवरून मशीनमध्ये उतरवून घेतलं, हौसेनं. बघा."

पडद्यावर शेंदरी मुखवट्याची देवी आली. समोर दोन समया. ज्योती खरोखरच्या हलत होत्या. बारीक घंटा वाजली. दादांचे हात आपोआप जोडले गेले, महेमूदनंही मान खाली घातली. गुन्ह्याचा पुरावा पाहून सगळं घर नमस्कार करतंय असं मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

"वहिनी, हे कोणी टाकलं?" महेमूदनं ताईला विचारलं.

"मला न्हाई म्हाईत."

"देवी कुठली ही?"

दादांनी डोळे उघडले. "रेणुकामाता. पिंपळगावची."

सगळ्या घरानं पिंपळगावकडं, म्हणजे माझ्याकडं पाहिलं.

३

बाहेर आल्यावर महेमूदनं विचारलं, "तू केलं का?"

"न्हाई."

"बराबर."

"एवढ्यावर सुटलो मी?"

"तुला ती ज्योत हलवता येती का?"

"मला घरातला कंदील लावता येत न्हाई."

"म्हणून."

उरले तिघं, ज्यांचा मशीनशी काही ना काही संबंध होता. पहिला रामकिसन, छापखानेवाला. ताईची फ्लॉपी त्याच्याकडं जाते आणि त्याच्याकडून परत येते, म्हणजे गावात सगळ्यात जास्त प्रवास करणारी वस्तू तीच. मी मनातल्या मनात त्याला बेड्या घालून ठेवल्या होत्या.

"माझ्याकडून?" रामकिसन म्हणाला. त्याच्या हाताला शाई होती, ती त्यानं विचार करता करता कपाळाला लावली. "सत्यशीलाताईच्या फ्लॉपीची खिटी सरकवलेली असती. कोपऱ्यात बारीक खिटी असती बघा. ती सरकवली की फ्लॉपीवरचं वाचता येतं, तिच्यावर लिहिता काहीच येत न्हाई. मी काय, उंटाच्या बापालाही आत शिरता येणार न्हाई. लई पक्की बाई आहे."

"पक्की होती," मी म्हणालो. "आता सगळ्या पत्रिका गेल्या तिच्या."

"गेल्या कशा? दर आठवड्याला एक कॉपी माझ्या कपाटात आणून ठेवती की. घर जळालं तरी काम राहिलं पाहिजे म्हणती. ही बघा, काळ्यांची थोरली." त्यानं फ्लॉपी दाखवली. खिटी सरकवलेली होती. थोरलीचं लग्न शाबूत होतं.

मी पळतच हे सांगायला निघालो. महेमूदनं माझी कॉलर धरली.

"थांब. ही कॉपी इथं आहे हे तुझ्या ताईला म्हाईत आहे ना?"

"तिनंच ठेवली म्हणजे..."

"मंग दोन दिवस घर सुतकात बसलंय, आणि ती का सांगत न्हाई?"

मी कॉलर सोडवून घेतली.

दुसरे बद्रीनाथ दाजी, ताईचे मालक. जालना एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात आहेत, रोज मोटरसायकलनं जाऊन येतात. कारखान्यात कॉम्प्युटर आहे, पाठीवर पिशवी आहे. पिशवीत कापसाचं बी निघालं, डबा निघाला, आणि एक केळ.

"मी त्या मशीनला हात लावत न्हाई," दाजी म्हणाले. "एकदा लावल्ता. त्यानं विचारलं, तुमची खात्री आहे का? मी लई विचार केला. म्हणलं, न्हाई बाबा. तवापासून लांबच आहे."

"फ्लॉप्या उकळल्या तवा तुम्ही घरी होतात?"

"होतो की. दादांनी नुसतं म्हणलं, ह्या निर्जंतुक केल्या पाहिजेत. हिनं लगेच पातेलं काढून दिलं. पाणी हिनंच ठेवलं, पाला पण हिनंच आणला. चांगली सून आहे, मोठ्यांचं ऐकती."

महेमूद माझ्याकडं पाहायला लागला. मी केळाकडं पाहत होतो.

"कारभारी," तो हळूच म्हणाला, "कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई. उकळून व्हायरस मरत न्हाई, हे तिला म्हाईत न्हाई?"

४

तिसरी द्वारकामावशी.

मावशीचं घर ताईच्या परसाला लागून. मधल्या भिंतीला एक खिंडार आहे, त्यातून दोन्ही घरांचं येणंजाणं. दादांना ते खिंडार खुपतं. मावशीच्या शेळीनं एकदा त्यातून येऊन त्यांचा शेवगा खाल्ला, तेव्हापासून त्यांनी खिंडाराशेजारी विटा आणून रचून ठेवल्यात. विटा आहेत, गवंडी गावातच आहे. फक्त नवीन कारण हवं होतं.

ताईला हे खिंडार म्हणजे काय आहे, ते मला माहीत होतं. ती बाळंत झाली तेव्हा आमची आई आजारी. पिंपळगावहून कुणी येऊ शकलं नाही. तेव्हा तिला आणि लेकराला रोज न्हाऊ घालायला मावशी त्याच वाटेनं यायची. आणि सुनेनं घरात बसून लोकांच्या पत्रिका करायला दादा नको म्हणाले, तेव्हा मावशी भिंतीपलीकडून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली होती, "ज्यानं जन्मभर लोकांच्या बायकांचे दंड धरले, त्यानं सुनेचा हात धरू नये." दादांनी दुसऱ्या दिवशी टेबल आणलं.

मावशीनं आम्हाला चहा दिला. मागितला नव्हता.

"मावशी, कॉम्प्युटर कळतो का तुम्हाला?" महेमूदनं विचारलं.

"मला रेडिओ कळतो. बंद करता येतो."

"आणि फ्लॉपी?"

"चौकोनी असती, काळी. सत्याकडून नेल्ती की एक. अंबडला माझा भाचा हाये, त्याच्या पोरीच्या बारशाची पत्रिका सत्यानं करून दिल्ती, लई गोड. भाच्याकडं मशीन हाये. ती पत्रिका त्यानं उतरवून घेतली, छापली."

"आणि फ्लॉपी?"

"परत दिली. उसनी वस्तू मी ठेवती का? बराबर दिली. कुंकवाचं बोट होतं, ते पण पुसू दिलं न्हाई."

मी महेमूदकडं पाहिलं. कुंकू लावलेली, म्हणजे घरचीच. दादांचा नियम कुठंच मोडला नव्हता. बिनकुंकवाची एकच फ्लॉपी उरत होती, माझ्या क्रिकेटची. माझ्या मानेभोवतीचा दोर मला जरा जास्तच आवळल्यासारखा वाटला.

उठताना मावशीनं महेमूदच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. "ईदला तुझ्या अम्मीनं शिरखुर्मा पाठवल्ता. सरदारबीला सांग, डबा द्यायला उशीर झाला."

रस्त्यावर आल्यावर महेमूद थांबला. त्यानं डबा हलवला. उघडला. आत शेंगदाण्याची चटणी होती, वर गुळाचा खडा.

तो तिथंच, भर रस्त्यात, डब्याकडं बघत उभा राहिला. मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर त्याच्यासाठी थांबला. ट्रॅक्टरवाल्यानंही वाकून डब्यात पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली.

"कारभारी, ह्या बाईनं आजवर कोणाचं भांडं रिकामं परत केलंय?"

"कोण करतं? काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. भरून आलेलं भांडं रिकामं देत असतात का."

"मंग फ्लॉपी कशी रिकामी दिली असंल?"

५

सोमवारी सकाळी टेम्पो दारात आला. मशीन खोक्यात होतं, खोकं ओसरीवर होतं. दादा, दाजी, ताई, मी आणि महेमूद खोक्याभोवती उभे होतो.

"बोल महेमूद," दादा म्हणाले. "कोण?"

महेमूदनं तोंड उघडलं, तेवढ्यात ताई बोलली.

"कारभारीनं घातली. माझ्या भावानं. मी पाहिलं त्याला."

ही बातमी मलाही नवीन होती. मी ताईकडं पाहिलं. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, लहानपणी दुधाचं भांडं सांडल्यावर बघायची तशीच. तेव्हाही मीच सांडलेलं असायचं, आणि ते मला पहिल्यांदा कळायचं मार खाताना.

"हां," मी म्हणालो. "असंल."

दादांनी सुस्कारा सोडला. "पाहुणे, तुमी ह्या घरात..."

"दादा, थांबा," महेमूद म्हणाला. "वहिनी खोटं बोलून राह्यल्या. आणि हा येडा त्यांना साथ देऊन राह्यला." त्यानं खोक्यावर हात ठेवला. "उकळून व्हायरस मरत न्हाई, हे वहिनींना म्हाईत होतं. तरी पातेलं त्यांनीच दिलं, पाणी त्यांनीच ठेवलं. का? तर त्या फ्लॉप्यांत एक अशी होती, जी मी पाहिली असती तर सगळं कळलं असतं. ती एकटी फेकली तर शंका येणार. मंग सगळ्याच उकळल्या. काम बुडायची भीती न्हवती, कॉपी रामकिसनकडं होती. पण तेही सांगितलं न्हाई. आपल्याला कामाची काळजी न्हाई हे दिसलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मंग काळजी कशाची."

"मंग मशीनमधलं चित्र का न्हाई पुसलं?" दाजींनी विचारलं. मला वाटतं त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोची चूक काढली.

"पुसता आलं न्हाई. माहेरची देवी. कळ दाबली की मशीन विचारतं ना, तुमची खात्री आहे का. वहिनींची झाली न्हाई."

दाजींनी समजून मान डोलावली.

ताई खाली बघत होती.

"कोणाला झाकून राहिली ही?" दादांनी विचारलं.

"ते मी सांगणार न्हाई," महेमूद म्हणाला. "भोक दाखवायचं काम माझं. कोणाचं नाव घ्यायचं न्हाई."

टेम्पोवाल्यानं बिडी विझवली.

"मी."

द्वारकामावशी खिंडारातून आत आली. पदर खोचलेला, हाताला पीठ.

"मी दिल्ती ती फ्लॉपी. सत्यानं भाच्याच्या लेकीची एवढी पत्रिका करून दिली, मोबदल्यात चहा घेतला न्हाई. म्हणलं, तिची वस्तू मोकळी कशी देऊ? साखर तर त्या भोकातून जात न्हाई. भाच्याला म्हणलं, हिच्यात काहीतरी चांगलं भर. सत्याच्या माहेरची देवी भर. त्यानं कोपऱ्यातली खिटी मागं सरकवली, म्हणला, ज्योत हलती ठेवू का? म्हणलं, ठेव. तिला माहेरी जायला होत न्हाई, तेवढंच दर्शन होईल." तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "उंटाचं मला म्हाईत न्हवतं. त्याच्या मशीनमध्ये असंल तो. तो भरला मी."

"मावशी, जा तुम्ही," ताई म्हणाली.

"तू गप. सख्ख्या भावाला चोर ठरवती व्हय?"

"तो घरचा आहे," ताई म्हणाली. "त्याच्यावर आळ आला तर चार दिवस तोंड पाडंल आणि भाकरी खायला परत येईल. तुमच्यावर आला असता तर खिंडाराला विटा लागल्या असत्या, मंग तुम्ही कुठून आल्या असत्या?"

मला आयुष्यात कुणी एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. मी तोंड पाडून पाहिलं, पडेना.

मावशी दादांसमोर उभी राहिली. "काकासाहेब, भिंत बांधा. मी काही म्हणणार न्हाई. पण मशीन जाऊ देऊ नका. पोरगी त्या मशीनम्होरं बसली की कशी दिसती, ते तुमी परसातून पाहिलं न्हाई कधी. मी पाहिलंय."

दादा विटांकडं पाहत होते. नवं कारण आलं होतं, चांगलं भरभक्कम. त्यांनी घसा साफ केला.

"दादा," महेमूद म्हणाला, "एक राहिलं. उंट दारापर्यंत मावशीनं आणला. पण दाराला कडी कोणी लावली न्हाई?"

"कडी म्हणजे?"

"ह्या व्हायरसाची लस देवीसारखी न्हाई. रोज नवे रोग निघतात. तिचा डोस दर महिन्याला नवा घ्यावा लागतो. दुकानदारानं सांगितलं असंल. तुम्ही जन्माची समजून बसलात. आणि दुसरं, कुंकू बघून फ्लॉपी आत घ्यायची हा नियमच कच्चा. घरची फ्लॉपी बाहेर जाऊन आली की ती माहेरवाशीण. तिची पिशवी कोणी तपासत न्हाई, आणि सगळं तिच्यातच असतं. आपली असो, परक्याची असो, आत घालायच्या आधी अँटीव्हायरसनं तपासायची. डोस घेतलेला असता तर हा उंट उंबऱ्यातच पकडला गेला असता."

दादा खाली बसले. खोक्यावरच बसले, मग आत काय आहे ते आठवून उठले आणि पायरीवर बसले.

"वहिनींची सासू गेली तवा मावशीनं..." महेमूद आणखी काही बोलणार होता, पण दादांनी हात वर केला. ते स्वतःच बोलायला लागले.

"आमची ही गेली तवा ह्या घरात चूल न्हवती पेटत. सुतक सरंपर्यंत ही बाई दोन्ही टायमाला डबा आणायची. त्याच खिंडारातून. दुखवट्याचं घर, आम्ही काय भरून देणार? तिचे डबे तवा रिकामेच गेले." ते मावशीकडं पाहत नव्हते, पायरीशी बोलत होते. "मी त्याच्याबद्दल एक सबुद बोललो न्हाई आजवर. शेवग्याबद्दल मात्र बोललो."

मावशीनं डोळ्याला पदर लावला. "शेवगा खाल्ला होताच शेळीनं," ती म्हणाली. खोटं तिला जमत नाही.

दादा उठले. "बद्री, खोकं खोल. सूनबाई, मशीन लाव."

ताईनं वाकून आधी मावशीच्या पायाला हात लावला, मग दादांच्या, मग गडबडीत महेमूदच्याही लावणार होती, तो मागं सरकून टेम्पोवर आपटला. माझ्या पायाला लावला नाही. पण त्या दिवशी माझ्या ताटात पुरणपोळीवर तूप असं होतं की पोळी दिसत नव्हती. आमच्यात असंच असतं.

"आणि मी?" टेम्पोवाल्यानं विचारलं. "मी काय मोकळा जाऊ?"

दादांनी इकडंतिकडं पाहिलं. मग त्याला विटा भरून दिल्या.

६

गोष्ट एवढ्यावर संपायला हरकत नव्हती, पण दादा आरोग्य खात्यातले. रोगी बरा झाला म्हणून ते थांबत नाहीत, रोग कुठून आला तिथं जातात. महेमूदनं नव्या डोसाच्या फ्लॉप्या करून दिल्या. दादांनी ट्रंकेतून जुनी खाकी पिशवी काढली, झटकली आणि एसटीनं अंबडला निघाले. भाचा परका, घरात घेईल का नाही, म्हणून शेजारी द्वारकामावशी. पिशवी उचलायला मी. दोघं म्हातारे सगळ्या वाटेत खिडकीवरून भांडले.

भाच्यानं आमचं ऐकून घेतलं आणि खरंच चकित झाला. "तो उंट? आम्हाला वाटलं तो मशीनसोबतच येतो. पोरगी रडली की आम्ही मुद्दाम लावतो."

दादांनी हात साबणानं धुतले. खुर्ची ओढली. महेमूदनं शिकवलं होतं तसं, एकेक कळ बोटानं शोधून दाबायला लागले. मशीन घरघरायला लागलं तसं मावशी घाबरली. ती पुढं झाली आणि तिनं मशीनचा तो डबा दोन्ही हातांनी कवटाळून धरला, टोचताना लेकराला धरतात तसा.

"झालं, झालं," ती त्याला म्हणाली. "आता झालंच."

मी सांगायला तोंड उघडलं की असं काही धरावं लागत नाही. दादांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटलं.

"धरा, बाई," ते मावशीला म्हणाले. "असंच धरा. तुमच्यासारखं धरणारं माणूस सोबत असलं, की लेकरू हलत न्हाई."

मावशीनं आणखी घट्ट धरलं. पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू भरत गेली. मशीन रडलं नाही.